पंधराव्या वचनात नापास

प्रल्हाद साळवे यांनी बत्तीस वर्षं बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यात तपासनिसाची नोकरी केली. दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तूंतली खोट काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलावर भोकांचं माप तपासायच्या पोलादी गेजांचा एक संच असे. गेजाचं एक टोक भोकात सहज गेलं पाहिजे आणि दुसरं काही केल्या जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाही तर नापास. मधलं काही नाही, रदबदली नाही, "साहेब, एवढं चालवून घ्या" नाही. निवृत्तीच्या दिवशी गेजं त्यांनी कारखान्यात परत केली, पण तपासायची खोड काही परत केली नाही. ती घेऊन ते कंचनपूरच्या घरी आले आणि बायकोच्या फोडणीपासून पाळकांच्या उपदेशापर्यंत जे समोर येईल त्याला लावू लागले.

अशा माणसाच्या हाती एकुलत्या एक मुलासाठी बायको निवडायचं काम आलं. पुढं काय झालं असेल ते कुणालाही कळेल, तरी सांगतो.

काशीत मराठी ख्रिस्ती घरं मोजून अकरा. नगर, जालना, सोलापूर अशा ठिकाणांहून कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी इस्पितळात नोकरीला म्हणून आलेलं आणि मग इथलंच झालेलं. रविवारची उपासना छावणीतल्या चर्चमध्ये, हिंदीत. पण महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी ही अकरा घरं कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमतात, पेटीवर मराठी गाणी म्हणतात, मराठीत प्रार्थना करतात आणि मग मटणरश्शावर ताव मारतात. या मंडळीत प्रल्हादरावांना मान होता. कुठल्याही घरी लग्नाचं जमू लागलं की पवित्र शास्त्रातला सद्गुणी स्त्रीचा अध्याय त्यांनीच वाचायचा, असा पायंडा पडला होता.

तो नीतिवचनांच्या भागातला एकतिसावा अध्याय. त्यातल्या दहाव्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत एका चांगल्या बायकोचं वर्णन आहे. तिचं मोल माणकांपेक्षा जास्त. नवऱ्याचं मन तिच्यावर निर्धास्त विसंबलेलं. ती लोकर आणते, सूत कातते, शेत पारखून घेते, गरिबाला रित्या हातानं पाठवत नाही. असं एकेक करत बावीस वचनं होतात. ऐकणाऱ्याला ते कौतुक वाटतं, आणि आहेही ते कौतुकच. प्रल्हादरावांनी मात्र त्याची बावीस गेजं केली. दोन वर्षांत कुणालसाठी चार मुली पाहिल्या आणि चारही परत पाठवल्या. संगमनेरच्या मुलीनं दारातल्या म्हातारीला "पुढे जा" म्हटलं, ती विसाव्या वचनात गेली. सोलापूरची विणकामाला कंटाळत होती, ती तेराव्यात. नाशिककर मंडळींकडे मुक्काम केला तर मुलगी सकाळी आठला उठली, ती पंधराव्यात. कानपूरच्या मुलीला सारखं हसू येत होतं. त्यावर त्यांची बायको इंदू हळूच म्हणाली, "अहो, ती बाई येणाऱ्या दिवसांकडे बघून हसते असं लिहिलंय ना त्यात?" प्रल्हादराव म्हणाले, "ते हसणं वेगळं."

पंधराव्या वचनाचं थोडं सांगायला हवं. त्यात ती स्त्री उजाडायच्या आत उठून घरच्यांच्या खाण्यापिण्याचं बघते. आणि इंदूबाई साडेसात वाजल्याशिवाय उठत नसत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यातली पंचवीसेक वर्षं तरी हेच. प्रल्हादरावांची पाळी सकाळी सहाची. ते पहाटे साडेचारला उठून आपला चहा आपण करत, रात्रीच्या पोळ्या डब्यात भरत आणि झोपलेल्या बायकोकडे एकदा बघून सायकल काढत. याचा त्यांनी राग धरला नाही, एक विनोद केला. अध्याय वाचताना पंधरावं वचन आलं की चष्मा काढायचा, इंदूबाई बसल्या असतील तिकडे पाहायचं आणि म्हणायचं, "आमच्याकडे एकवीस वचनं पास. हे एक तेवढं नापास!" अकराही घरं खदखदून हसायची. हा विनोद इतका मुरला होता की पंधरावं यायच्या आधीच लोकांच्या ओठांवर हसू फुटे. इंदूबाईही हसत. हसताना त्यांच्या हातातल्या विणकामाच्या सुया मात्र थांबत नसत.

त्या सुयांमधून दर थंडीत स्वेटर उतरायचे. आजूबाजूच्या गरीब पोरांसाठी, चर्चच्या चौकीदारासाठी, कुणाकुणासाठी राखाडी, तपकिरी, मिळेल त्या लोकरीचे. लाल लोकर तेवढी फक्त घरच्यांसाठी. त्या बावीस वचनांत, बर्फ पडलं तरी त्या बाईला आपल्या माणसांची चिंता नसते, कारण सगळ्यांच्या अंगावर तिनं लाल वस्त्रं घातलेली असतात, असं आहे. इंदूबाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण नगरच्या उन्हातून इथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी नवऱ्याला, सासूला आणि स्वतःला लाल स्वेटर विणला. मनगटाशी पांढऱ्या लोकरीची एकच ओळ. पुढे कुणाल झाला, तेव्हा टोपीएवढा चौथा. त्यानंतर लाल स्वेटर या चार माणसांपलीकडे कुणाच्या अंगावर गेला नाही. सासू गेल्या, आणि तीन उरले.

तर यंदाच्या जानेवारीत, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, कुणाल बँकेतून आला, बूट काढले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "पपा, मला बकुळशी लग्न करायचंय."

"कोण बकुळ?"

"बकुळ त्रिभुवन. जालन्याची. इस्पितळात नर्स आहे."

प्रल्हादरावांनी आठवून पाहिलं. "ती शेवटच्या बाकावर डुलक्या घेते ती?"

कुणालचा चेहरा उतरला. एकोणतीस वर्षांचा मुलगा, बापासमोर आवाज न चढवणारा. पण त्या दिवशी तो सरळ हिंदीवर उतरला, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं. "बस, पापा। इसको नहीं।" मग जरा शांत होऊन मराठीत म्हणाला, "चार मुलींच्या वेळी मी गप्प बसलो. हिला तुम्ही तपासायचं नाही. तिच्या घरी जायचं नाही, कुणाकडे चौकशी करायची नाही. रविवारी उपासना आपल्याकडे आहे, ती येईल. तेव्हा सगळ्यांसमोर हो म्हणा. नाही म्हणालात तर मी नागपूरची बदली घेतो. लग्न जालन्याला करू. तुम्ही नाही आलात तरी करू."

"अशी धमकी देतोस?"

"नाही पपा. तुम्हाला आधी सांगून ठेवतोय."

प्रल्हादरावांनी बायकोकडे पाहिलं. इंदूबाई टाके मोजत होत्या. पोटच्या पोराला नागपूरला घालवायचं की आयुष्यभराचं माप मोडायचं, असा पेच पडला आणि प्रल्हादरावांना रात्री जेवण गेलं नाही. "बरं, नाही जात मी कुठे," असा शब्द त्यांनी मुलाला दिला. दिला तो खराच पाळायच्या हेतूनं. पण शुक्रवारी पहाटे साडेचारला चहाचा कप हातात असताना त्यांना वाटलं, बाकीची एकवीस राहू देत, एक पंधरावं तेवढं बघून येऊ. उठलेली दिसली तर डोळे मिटून हो म्हणू. आपल्यालाच हो म्हणायला सोपं जाईल. माणूस शब्द मोडतो तेव्हा समोरच्याच्या भल्यासाठीच मोडत असतो, निदान मोडताना तरी.

मंडळीच्या यादीची वही त्यांच्याकडेच होती. त्यात पत्ता होता: मंगला गौरीच्या देवळाजवळ, शरदिनी पाटणकर यांच्या घरी. धुकं असं पडलं होतं की मैदागिनपर्यंत टोटोवाला, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाचा चालक, दिवा लावून आणि घंटी वाजवत चालला होता. पुढे पायी. रामघाटाकडच्या गल्ल्यांत ती वेळ म्हणजे भर दिवस. ओल्या धोतरांची माणसं पायऱ्या चढून येत होती, कुठल्याशा पाठशाळेतून वेदांची संथा ऐकू येत होती, दुधाची किटली घेऊन एकजण ओरडत पुढून गेला. सगळी गल्ली जागी पाहून प्रल्हादरावांना बरं वाटलं. अशा ठिकाणी राहणारी मुलगी झोपून कशी राहील, असं त्यांच्या मनात आलं.

दार पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाईंनी उघडलं. हातात पूजेची फुलं.

"बकुळ त्रिभुवन इथेच राहतात का? उठल्यात का त्या?"

मराठी ऐकताच बाईंचा चेहरा खुलला. "इथेच हो. पण ती घरी नाही ना. तुम्ही कोण?"

पहाटेचे पावणेसहा आणि मुलगी घरी नाही. प्रल्हादरावांच्या मनात नको ते येऊन गेलं. "मी कुणालचा वडील. साळवे."

"अगंबाई! या, या, आत या. बाहेर किती कोहरा पडलाय!" शरदिनीताईंनी त्यांना हाताला धरूनच आत घेतलं. "नाइट ड्यूटी चालू आहे तिची, पंधरा दिवस झाले. आठला सुटते, यायला नऊ वाजतात. बसा तुम्ही, काही जल्दी नाही."

पंधराव्या वचनात, नाइट ड्यूटीवरून सकाळी नऊला घरी येणाऱ्या बाईचं काय करायचं, हे प्रल्हादरावांना सुचेना. निघावं म्हणाले तर शरदिनीताईंनी निघू दिलं नाही. त्या विधवा, यजमान पाठशाळेत शिकवत असत. दोन वर्षांपूर्वी शरदिनीताईंचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा इस्पितळात बकुळनं त्यांचं सगळं केलं होतं. "हिंदी बोलून बोलून दमले होते हो. हिनं विचारलं, 'आजी, कूस बदलायची का?' मी रडलेच. तेव्हाच ठरवलं, ही माझ्या वरच्या खोलीत राहील. लोक म्हणाले, किरिस्तान आहे. म्हटलं, असेल. कूस तर तिनंच बदलली ना माझी." त्यांनी चहा आणला आणि संक्रांतीची उरलेली गुळपोळी तूप लावून पुढे ठेवली. प्रल्हादरावांनी ती खाल्ली आणि, खरं सांगायचं तर, आणखी एक मागून घेतली.

धुकं विरलं आणि गच्चीवर ऊन आलं, तेव्हा शरदिनीताई त्यांना वर घेऊन गेल्या. दोरीवर जाड चादरी वाळत होत्या, त्यांच्या आडोशाला प्रल्हादराव खुर्चीत बसले. खाली गंगा उन्हात उघडी पडत होती. नऊ वाजून गेल्यावर जिन्यात पावलं वाजली. दर पायरीवर थांबणारी, थकलेली पावलं. बकुळ वर आली, चादरींपलीकडे कुणी आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. शरदिनीताईंनी दिलेला चहा घेऊन ती भिंतीला टेकून उन्हात बसली. दोन घोट घेतले, आणि तिसरा घ्यायच्या आधीच झोपली. कप हातात तसाच. शरदिनीताईंनी पुढे होऊन तो बोटांतून अलगद सोडवून घेतला. त्यांना या कामाची सवय असावी.

चादरींच्या फटीतून प्रल्हादरावांनी पाहिलं. मुलीच्या पांढऱ्या गणवेशावर लाल स्वेटर होता. मनगटाशी पांढऱ्या लोकरीची एकच ओळ.

त्यांना आधी राग आला. घराबाहेरच्या माणसाच्या अंगावर लाल स्वेटर चढला आणि घरच्या कर्त्याला पत्ता नाही! त्यांनी खुणेनंच शरदिनीताईंना जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "इंदू इथे आली होती?"

"तीनदा. दिवाळीपासून. सांगितलं नाही का त्यांनी?" शरदिनीताई दुसऱ्या खुर्चीत बसल्या. "पहिल्यांदा आल्या तेव्हा ही अशीच झोपली होती. मी उठवायला निघाले तर इंदूताईंनी अडवलं. म्हणाल्या, 'झोपू द्या. ही झोप मला ठाऊक आहे.' दोन घंटे बसून राहिल्या इथेच, विणत. मी विचारलं, तुम्ही पण नर्स होता का? तर हसल्या. म्हणाल्या, सासूबाईंना नऊ वर्षं अर्धांग होतं. रात्री चार-पाचदा उठावं लागायचं, कूस बदलायची, कपडे बदलायचे. त्या बिचाऱ्या घाबरून हाका मारायच्या. पहाटे चारला कुठे त्यांचा डोळा लागायचा, मग इंदूताईंचा. सासूबाई गेल्या, पण झोपेची ती वेळ तशीच राहिली, म्हणाल्या."

प्रल्हादराव ऐकत राहिले. आई आतल्या खोलीत इंदूजवळ झोपे. ते स्वतः बाहेरच्या खोलीत, दार लावून. तशी इंदूनंच सोय केली होती. आईची झोप चांगली आहे असंच ते नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

"मी म्हटलं, यजमानांना उठवत नव्हता कधी?" शरदिनीताई सांगत होत्या. "तर म्हणाल्या, त्यांचं काम मशीनजवळचं. झोपाळलेल्या माणसाची बोटं जातात. त्यांच्या कारखान्यात एकाची गेली होती म्हणे."

गेली होती. शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या सरोजची. इंदूला ते त्यांनीच येऊन सांगितलं होतं, जेवताना, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ते विसरूनही गेले होते. प्रल्हादरावांनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले. दहाच्या दहा बोटं जागेवर होती.

मग त्यांना त्या अध्यायातलं अठरावं वचन आठवलं. रात्रभर तिचा दिवा मालवत नाही. इतकी वर्षं त्यांनी ते मोठ्यानं वाचलं होतं आणि इंदूला त्यात पास करून पुढे सरकले होते, कशावरून पास केलं ते न विचारता. पंधरावं मात्र दर वेळी थांबून, चष्मा काढून. ते उठले, चपला हातात घेतल्या आणि झोपलेल्या मुलीजवळून पावलांचा आवाज न करता जिन्याकडे गेले. एकसष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस चोरासारखा चवड्यांवर चालताना बघून शरदिनीताईंना हसू आवरेना. "तिला सांगू नका मी आलो होतो," खाली आल्यावर ते म्हणाले. "मीच सांगेन."

घरी पोचले तेव्हा इंदूबाई अंगणात उन्हाला पाठ करून केस विंचरत होत्या. प्रल्हादराव स्वयंपाकघरात गेले आणि आलं ठेचून चहा केला. दोन कप घेऊन बाहेर आले.

इंदूबाईंनी कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तब्येत बरी आहे ना?"

"आई रात्री हाका मारायची?"

कंगवा थांबला. "कुठे गेला होता तुम्ही?"

"मारायची का?"

"मारायची की. कुणाकुणाला मारायची. तुमच्या वडिलांना, भावाला. मेलेली माणसं सगळी. मग मी म्हणायचे, आहे हं मी, आले."

"मला एकदाही ऐकू आलं नाही, इंदू."

"येऊ दिलं नाही म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "साखर कमी झालीये."

प्रल्हादरावांनी त्यांच्याजवळच पायरीवर बसकण मारली. "आणि मी तो विनोद करायचो, तेव्हा तू हसायचीस."

"सगळे हसायचे. मी एकटी तोंड पाडून बसले असते तर बरं दिसलं असतं का?" इंदूबाईंनी कंगव्यात अडकलेले केस काढले. "पहिल्या वेळी वाईट वाटलं होतं. सासूबाई तेव्हा होत्या. आदल्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग सवय झाली." हे त्या इतक्या सहज बोलल्या की प्रल्हादरावांना कुठे बघावं कळेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. इंदूबाईंनी पदराचं टोक त्यांच्या हाती दिलं.

"ती मुलगी तू मला न विचारता निवडलीस," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही.

"तुम्ही अध्याय नेहमी दहाव्या वचनापासून वाचता. वरची नऊ कधी वाचलीत?"

"त्यात बायकोचं काही नाही."

"वाचा तर खरं," इंदूबाई म्हणाल्या आणि पुन्हा केस विंचरू लागल्या. "रविवारी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी काही सांगणार नाही."

ते आत गेले, शास्त्र उघडलं आणि एकतिसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनावर बोट ठेवलं. एका राजाला त्याच्या आईनं शिकवलेले हे बोल आहेत, असं तिथे लिहिलं होतं. आईनं मुलाला सांगितलं होतं, बाई कशी ओळखायची ते. बापाचा त्यात उल्लेखच नव्हता. प्रल्हादराव ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसून राहिले.

रविवारी बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर माणसं, दारात चपलांचा ढीग, चुलीवर रस्सा. बकुळ ड्यूटीवरून तशीच आलेली. सकाळी झोपायला मिळालं नव्हतं, कारण एक नर्स आजारी पडली म्हणून तिला दुपारपर्यंत थांबवून घेतलं होतं. लाल स्वेटर अंगात होता. तो पाहून दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इंदूबाईंनी तिला भिंतीशी आपल्याजवळ बसवून घेतलं. कुणाल दाराशी उभा होता आणि बापाच्या चेहऱ्यावरून त्याला काहीच वाचता येत नव्हतं.

"साळवेसाहेब, अध्याय तुमचाच," पेटीवर बसलेले विश्वजीत लोंढे म्हणाले. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रल्हादरावांनी पहिल्या वचनापासून सुरुवात केली. लोक चपापले, पानं चाळायला लागले. तेवढं एकच वचन वाचून ते थांबले.

"हे आईनं सांगायचं असतं," ते म्हणाले. "मी आजवर तिच्या जागेवर उभं राहून वाचलं. इंदू, तू वाच."

इंदूबाईंनी मंडळीत कधी वाचलं नव्हतं. पुस्तक हातात घेऊन त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि दहाव्यापासून वाचू लागल्या, संथ, नगरच्या हेलात. चौदावं झालं. पंधरावं सुरू झालं आणि लोकांच्या ओठांवर ते नेहमीचं हसू आलं. इंदूबाईही वचन संपवून थांबल्या. इतक्या वर्षांची सवय, तिथे नवऱ्याला जागा द्यायची.

प्रल्हादराव उभे राहिले. चष्मा काढला. कुणीतरी आधीच हसलं.

"मी तपासनीस माणूस," ते म्हणाले. "आधी एक कबूल करतो. कुणालला शब्द दिला होता की मुलीच्या घरी जाणार नाही. शुक्रवारी पहाटे जाऊन आलो. चुकलं माझं. दुसरं." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "माझी आई नऊ वर्षं अंथरुणात होती. त्या नऊ वर्षांत मी एक रात्र जागलो नाही. आई हाका मारायची, हे मला परवा कळलं, तेही परक्या घरी. जिला मी या वचनात नापास करत आलो, आणि तुम्ही हसत आलात, ती पहाटे चारला झोपत होती. माझी बोटं शाबूत राहावीत म्हणून मला उठवत नव्हती." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू पुरावा म्हणून. "अठ्ठाविसाव्या वचनात नवऱ्यानं उठून बायकोची वाखाणणी करावी असं आहे. बाविसांतलं पुरुषाच्या अंगावरचं काम काय ते तेवढंच. ते मी कधी केलं नाही. आज करतो. इंदूसारखी बाई मी पाहिली नाही. झालं."

दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. इंदूबाई पुस्तकात पाहत होत्या, त्यांना अक्षरं दिसत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "बसा आता. सोळा वचनं राहिलीत अजून." आणि लोक हसले, पण या वेळी त्यांच्याकडे बघून नाही.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. पण कुणालला हवं होतं ते अजून कुणी बोललं नव्हतं. तो बापाकडे एकटक पाहत होता, आणि आता पाळक प्रार्थना करतील, गाणं होईल, जेवणं होतील आणि गोष्ट तशीच राहील, असं त्याला वाटत होतं. विश्वजीत लोंढे यांनी पेटीचा भाता ओढला. ते वाजवत त्यापेक्षा दणदणाट जास्त करत. पहिलाच सूर घुमला आणि प्रल्हादरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"हळू, विश्वजीत," ते म्हणाले. "सूनबाई झोपल्या आहेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीशी बकुळ खरोखरच झोपली होती, इंदूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून, तोंड जरासं उघडं. कुणाल दाराची चौकट धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडू लागला. इंदूबाईंनी आपली शाल काढून त्या मुलीच्या पायांवर घातली आणि चौतीस वर्षांत प्रथमच भर मंडळीत नवऱ्याकडे सरळ पाहिलं. प्रल्हादरावांनी चष्मा घातला आणि खिडकीचा पडदा ओढला, कारण ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. मग अकराही घरांनी ते गाणं बसल्या जागी, अगदी खालच्या आवाजात म्हटलं.